ब्लेडने खरवडलेली वाट

‘आपल्या सुरक्षिततेसाठी’ अशी सरकारी पाटी रस्त्याच्या कडेला दिसली की माझं डोकं फिरतं. पन्नाशी उलटली तरी फिरतं. सोबतचं माणूस म्हणतं, अगं, पाटीच तर आहे, तिच्यावर काय चिडायचं? मी चिडते, कारण तसली पहिली पाटी मी लखनौला आमच्या कॉलनीच्या गेटसमोर रोवताना पाहिली, आणि ज्या खड्ड्यात ती रोवली तो खड्डा एका चिंचेचा होता.

त्या रस्त्याला सगळे ठंडी सड़क म्हणायचे. हजरतगंजच्या मागून निघून तो नदीकडे उतरायचा. खरं तर ते दोन अरुंद रस्ते होते, एक जाणारा, एक येणारा, आणि मधोमध बैलगाडी वळेल एवढी रुंद मातीची पट्टी. पट्टीवर चिंचांची दुहेरी रांग. साहेब लोकांना संध्याकाळी बग्गीतून हवा खायला जाता यावं म्हणून इंग्रजांनी ती लावली होती म्हणे. साहेब गेले, बग्ग्या गेल्या, सावली तेवढी आम्हाला राहिली. तिथे एक न्हावी झाडाला आरसा टांगून बसायचा, उन्हाळ्यात कुणीतरी पाण्याचे माठ मांडायचं. रस्ता ओलांडणारा माणूस अर्धा रस्ता ओलांडून चिंचेखाली थांबायचा, दम खायचा, चार शब्द बोलायचा आणि मग उरलेला ओलांडायचा. एका वेळी एकाच बाजूला बघावं लागे, त्यामुळे म्हातारीकोतारीही बिनघोर पलीकडे जायची.

आमचं क्वार्टर सरकारी बांधकाम खात्याच्या कॉलनीत होतं. बाबा त्याच खात्यात ड्राफ्ट्समन. नोकरीसाठी नागपूरकडून इतक्या लांब आलेलं आमचं कॉलनीतलं एकुलतं एक मराठी घर, आणि एकुलतं एक बौद्ध घर. पहिल्याच महिन्यात शेजारणींनी आईला दोन प्रश्न विचारले. मराठी लोग नाश्ते में क्या खाते हैं, आणि आप लोग कौन जात हैं? पहिल्याचं उत्तर तिने पोहे करून दिलं, दुसऱ्याचं ‘बौद्ध’ असं सांगून. पोहे सगळ्यांनी चाटूनपुसून खाल्ले. पुढच्या वेळी मात्र दोन घरांतून आमच्यासाठी वेगळे कप निघाले.

बाबांना हे ऑफिसातही भोगावं लागायचं, पण ते सांगायचे नाहीत. त्यांना सगळे ‘कोटेवाले’ समजत. कागदावर बौद्ध लिहिलं म्हणून त्या काळी त्यांना कोटा लागूच नव्हता, ते सरळ परीक्षा देऊन खुल्या जागेवर आले होते. हे एकदा सांगून टाका ना, असं आई म्हणायची. बाबा म्हणायचे, “कामातून दिसते ते.” म्हणून त्यांचं काम असं असायचं की बोट ठेवायला जागा नाही. ट्रेसिंग पेपरवर शाईने काढलेली त्यांची रेघ मी पाहिली आहे, सुरुवातीपासून शेवटापर्यंत एका जाडीची. चूक झालीच तर ते दाढीच्या ब्लेडने शाई हळूहळू खरवडायचे, मग ती खरखरीत झालेली जागा अंगठ्याच्या नखाने घासून गुळगुळीत करायचे. नख नाही फिरवलं तर तिथे पुन्हा काढलेली शाई फुटते. त्यांनी खोडलेलं काही कुणाला सापडायचं नाही, याचा त्यांना अभिमान होता.

आईचं वेगळंच खातं होतं. गेटच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडे, प्रायमरी शाळा होती. शिपाई, माळी, सफाईवाले यांची पंधरा-वीस मुलं त्या शाळेत जायची, आणि मीही. मी पहिलीत असताना आई मला सोडायला निघाली, तेव्हा दोन मुलं मागे लागली. दुसऱ्या दिवशी पाच. महिन्याभरात सगळी. रोज सकाळी आई पदर खोचून रस्त्याच्या मधोमध उभी राहायची, डाव्या हाताला सगळ्यांत लहान पोर आणि उजवा हात समोर ताठ, पंजा उघडा.

“चाची, ट्रक आ रहा है!”

“आने दे. रुकेगा.”

आणि तो थांबायचा! टांगेवाले तर आधीच लगाम खेचून सलाम करायचे. सातवी शिकलेली ती बाई, तिची हिंदी अर्धी नागपुरी, पण लखनौचा एक रस्ता रोज सकाळी तिच्या हुकमात असायचा.

मग सत्तरीचं दशक संपत आलं आणि ट्रक वाढले. चिनहटकडे कारखाने उभे राहत होते. सगळा माल ठंडी सडकेवरून नदीकडे उतरायचा आणि पूल ओलांडून फैजाबाद रोडला लागायचा. अरुंद रस्त्यावर दोन ट्रक समोरासमोर आले की एकाचं चाक मातीत आणि तोंड चिंचेच्या बुंध्यात. असे चार-पाच अपघात झाले. एकात क्लीनर गेला. लोक हळहळले, आम्हीही हळहळलो. रस्ता सुधारायला हवा होता, याबद्दल माझं आजही दुमत नाही. पण अपघात झाला की पेपरात काय यायचं? ‘ट्रक पेड़ से टकराया’. ट्रकवाला दारू पिऊन होता की ब्रेक नव्हते, हे कुणी विचारायचं नाही. शंभर वर्षं जागचं न हललेलं झाड गुन्हेगार ठरलं.

खात्यात योजना आली. मधली मातीची पट्टी काढायची, दोन्ही रस्ते एकेका लेनने रुंद करायचे, मध्ये गुडघ्याच्या वर येणारा सिमेंटचा दुभाजक बांधायचा, म्हणजे समोरासमोर टक्कर होणार नाही आणि वाहतूक न अडखळता वाहील. नकाशा काढायचं काम बाबांकडे आलं. रस्ता मोजणाऱ्या पार्टीने जागेवर पाहणी करून शेरे लिहून आणले होते. त्यात आमच्या गेटसमोर लिहिलं होतं की इथे लोक व शाळेतली मुलं ओलांडतात. बाबांनी त्या शेऱ्याप्रमाणे दुभाजकात तिथे मोकळी वाट सोडली, पुढे-मागे झेब्रा पट्टे आखले आणि नकाशा साहेबांच्या टेबलावर नेला.

पुढचं मी बाबांच्याच तोंडून ऐकलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते चहा घेताना आईला सांगत होते आणि मी शेजारी बसून पाटीवर... नाही, वहीवर, तेव्हा मी पाचवीत होते, गणितं करत होते. साहेबांनी सगळा नकाशा बघितला, तारीफ केली. मग पेन्सिल त्या वाटेवर टेकवून हसत म्हणाले, “यह रास्ता तो सीधा आपके गेट पर खुल रहा है, बाबूजी. घर का आराम हो गया.” टेबलाभोवतीचे दोन-तीन जण हसले. तेवढंच. साहेब पुढच्या फायलीकडे वळले.

बाबा आपल्या टेबलाशी परत आले, ब्लेड घेतलं आणि ती वाट खरवडून काढली. झेब्रा पट्टेही. वरून नख फिरवलं आणि दुभाजकाची रेघ सलग जोडून टाकली.

आईचा कप हातातच राहिला. “म्हणजे आता लेकरं कुठून जातील?”

“तिकडे पेट्रोल पंपापाशी वाट आहे, नाहीतर खाली पुलापाशी.”

“पंप कुठे नि शाळा कुठे! अन् तिथवर कडेकडेनं जायचं कसं? फुटपाथ काढला का तुम्ही?”

“फुटपाथला जागा नाही.”

“साहेबानं सांगितलं का, काढून टाका म्हणून?”

“सांगावं लागते का? मी बसलो आहे त्या टेबलावर. आधीच टोचून राहिले लोक. उद्या म्हणतील, आला कोट्यातून अन् घरासमोर रस्ता कापून घेतला.”

आईने कप खाली ठेवला. “अन् हे गेट दुसऱ्या कोणाचं असतं तर ठेवली असती ना वाट?”

बाबांनी कप बशीसकट बाजूला सारला.

“मग तुमच्या घरासमोर आहे म्हणून त्या लेकरायनं काहून मरावं?”

बाबा उठून हात धुवायला गेले. त्या दिवशी मला बाबांचंच बरोबर वाटलं, हे कबूल करते. आमच्या घरात स्वतःसाठी काही न मागणं म्हणजे केवढी मोठी गोष्ट! आई उगाच भांडते असं मला वाटलं. आज आठवलं की मला माझाच राग येतो.

चिंचा पडायला एक हिवाळा लागला. लिलावाने विकल्या. खोडं नेल्यावर रस्त्यावर असा उजेड झाला की गेटबाहेर पडलं की डोळे बारीक करावे लागायचे. न्हावी कुठे गेला कुणाला कळलं नाही. मग खडी आली, डांबर आलं, दुभाजक उभा राहिला, त्याला काळे-पिवळे पट्टे मारले, आणि आमच्या गेटसमोर दुभाजकाला लागून, चिंचेच्या उरलेल्या एका खड्ड्यात ‘आपल्या सुरक्षिततेसाठी’ ही पाटी रोवली. एक मंत्री झेंडूच्या माळा कापायला आले आणि भाषणात म्हणाले की आता ही सडक देशातल्या कुठल्याही सडकेच्या तोडीची झाली. आमच्या कॉलनीतल्या बायका टाळ्या वाजवत होत्या. वाजवून झाल्यावर घरी परत निघाल्या, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की मंत्र्यांमागून चालत पंपाकडून आपण पलीकडच्या बाजूला आलो आहोत. साड्या सावरत एकमेकींना हात देत त्या दुभाजकावरून चढून आल्या. मंत्र्यांच्या गाड्या तोवर पुलापर्यंत पोचल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने काय केलं? तेच, जे रोज करायची. पण आता रस्ता दुप्पट रुंद, गाड्या दुप्पट वेगात, आणि मध्ये थांबायला चिंच नाही, हातभर रुंदीची सिमेंटची भिंत. ती मुलांना एकेक करून उचलून भिंतीवर ठेवायची, स्वतः चढायची, पलीकडे उतरायची आणि पुन्हा एकेकाला उतरवून घ्यायची. चार दिवसांत तिची पाठ धरली. मग तिने दुभाजकाच्या दोन्ही अंगांना विटांच्या दोन-दोन पायऱ्या रचल्या. सोमवारी खात्याचा गँगमन आला आणि त्याने विटा उचलून कडेला फेकल्या. रस्त्यावर अडथळा, म्हणे. मंगळवारी आईने परत रचल्या. पुढच्या सोमवारी परत फेकल्या. हा खेळ अडीच वर्षं चालला. अडीच वर्षं! ज्या खात्याला एक वाट सोडता आली नाही, त्या खात्याला दर आठवड्याला चार विटा उचलायला माणूस मात्र पाठवता आला. गँगमन बिचारा आईला हात जोडून म्हणायचा, “भाभीजी, हमारी भी नौकरी है.” आई त्याला चहा द्यायची आणि तो गेला की विटा रचायला निघायची.

मी तोवर इंटर कॉलेजला, म्हणजे तिकडच्या बारावीपर्यंतच्या शाळेला, सायकलने जायला लागले होते. पंपाला वळसा घालून जायचे, मला काही अडत नव्हतं. जानेवारीतली एक धुक्याची सकाळ होती. कुहरा असा की गेटवरून दुभाजक दिसत नव्हता. आईने सगळी मुलं पलीकडे पोचवली आणि परत निघाली. दुभाजकावर चढली. अलीकडच्या पायरीवर पाय ठेवला, तर पायरी नव्हती. सोमवार होता. ती पलीकडे शाळेच्या दारात होती तेवढ्यात गँगमन लवकर येऊन अलीकडच्या विटा उचलून गेला होता. ती सरळ रस्त्यावर पडली, आणि धुक्यातून येणाऱ्या टेम्पोचं चाक तिच्या मांडीवरून गेलं.

मांडीचं हाड आणि खुबा. तीन महिने पाय वजनं बांधून वर टांगलेला. आई वाचली, पण पाय आखूड झाला आणि काठी आली ती कायमची. शुद्धीवर आल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला तो हा की लेकरं पलीकडे होती ना? होती. एकाच्याही अंगाला ओरखडा नव्हता.

आणि खात्याने काय करावं? अपघाताच्या जागेचा नकाशा मागवला. तो कुणी काढायचा, तर ड्राफ्ट्समनने. बाबांनी काढला. आपल्या बायकोचं रक्त सांडलं तिथे त्यांनी टाकाने फुली मारली, गेटपासूनचं अंतर लिहिलं, खाली सही केली. त्यासोबत जो अहवाल लागला त्यात लिहिलं होतं की पायी चालणाऱ्या महिलेची असावधानी, आणि अनधिकृत विटांचा वापर. हे वाक्य बाबांनी घरी येऊन सांगितलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. विटा अनधिकृत! आणि वाट खरवडली ती अधिकृत?

त्याच आठवड्यात बाबा साहेबांकडे गेले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा न बोलावता गेले. म्हणाले, साहेब, पहिल्या नकाशात तिथे रस्ता होता, तुम्ही हसून ‘घर का आराम’ म्हणालात म्हणून मी तो खोडला. साहेबांनी फाईल उघडून बघितली, नकाशा उजेडात धरला. त्यांना खरंच काही दिसलं नाही, इतकं स्वच्छ काम होतं. मग चष्मा काढून अगदी मऊ आवाजात म्हणाले, “बाबूजी, मैंने हटाने को कब कहा था? मैंने तो मज़ाक किया था. आप तो समझदार आदमी हैं, आपने निशान मिटा कैसे दिया?”

एक मज़ाक! त्या माणसाला तो आठवतही नव्हता, बाबांनी आठवण करून दिली तेव्हा आठवला. त्याच्या एका हसण्यापायी माझ्या आईचा पाय गेला, आणि त्याच्या हातावर कुठे डाग नाही, कारण त्याने काही लिहिलंच नव्हतं. पण मी पंधरा वर्षांची होते आणि साहेब काही माझ्यासमोर नव्हता. समोर बाबा होते. मी मराठीत भांडायला शिकलेच नव्हते, भांडण हिंदीतच यायचं. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात मी त्यांना म्हटलं, “आपने अपनी ईमानदारी बचा ली, बाबा. आई की टाँग नहीं बचाई.”

आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. बाबांनी डब्याच्या पिशवीचे बंद हातात गुंडाळले, सोडले, परत गुंडाळले आणि वॉर्डात गेले.

मी त्यावेळी जे बोलले त्याची माफी मी कधी मागितली नाही, आजही मागणार नाही. पण पुढे जे झालं तेही सांगायला हवं. बाबांनी खात्याला अर्ज लिहिला. त्यांच्या त्या रेखीव अक्षरात, आडपडदा न ठेवता, की मी अमुक कॉलनीत राहतो, गेटसमोर वाट हवी आहे, ती माझ्याच घरासमोर आहे, आणि ती मूळ नकाशात होती, मी लोकांच्या बोलण्याच्या भीतीने कुणाच्याही आदेशाशिवाय खोडली. अर्ज गेल्यावर आठ दिवसांत उत्तर आलं. वाटेबद्दल चकार शब्द नाही. आदेशाशिवाय सरकारी नकाशात बदल केल्याबद्दल खुलासा मागवला होता. त्या खुलाशाने त्यांची बढती जी अडकली ती निवृत्तीपर्यंत. ज्या साहेबाला प्रतिकूल शेरा मिळायला हवा होता त्याला बढतीवर बदली मिळाली, निरोपाला आमच्या बाबांकडूनही वर्गणी घेतली.

बाबांनी मात्र अर्ज सोडला नाही. दर महिन्याला एक. प्रत्येकात पहिलं वाक्य तेच, ‘मी स्वतः या गेटच्या आत राहतो’. आई म्हणायची, आता तेवढं तर गाळा. ते गाळायचे नाहीत. नवे साहेब आले, त्यांनी एकदा स्वतः येऊन गेटवर उभं राहून बघितलं, आणि जवळजवळ दीड वर्षाने दुभाजक फोडून वाट झाली; तोवर मुलं कडेकडेने चालत जाऊन पंपापाशी ओलांडायची. झेब्रा पट्टे आले. ‘सुरक्षितते’च्या त्या पाटीला नवा रंगही दिला.

आता सगळं ठीक झालं असं वाटतं ना? पट्टे बघून लखनौतला कुठला ट्रक थांबलाय? एकही थांबत नव्हता. वाट होती, पण गाड्या थांबवणारी बाई काठी घेऊन गेटवर खुर्चीत बसली होती. पहिल्या दिवशी मुलं दप्तरं घेऊन कडेला उभी, आणि गाड्या सुसाट. बाबा ऑफिसला निघाले होते. त्यांनी जेवणाचा डबा आईच्या मांडीवर ठेवला आणि रस्त्यात उतरले. डाव्या हाताला सगळ्यांत लहान पोर घेतलं. उजवा हात जेमतेम छातीएवढा उचलला, जणू कुणाकडे काही मागत आहेत.

“अहो, हात ताठ धरा ना!” आई खुर्चीतून ओरडली. “अशानं कोण थांबणार!”

बाबांनी हात ताठ केला. एक टेम्पो हॉर्न वाजवत निघून गेला. दुसरा थांबला. मग ट्रक थांबला.

त्यानंतर निवृत्तीपर्यंत रोज ते मुलांना पलीकडे नेऊन मगच ऑफिसला जायचे. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे लाल शाईची उशिराची खूण पडायला लागली, ज्या माणसाने कधी एक मिनिट उशीर केला नव्हता त्याच्या नावापुढे. मी एकदा आईशेजारी पायरीवर बसले होते. बाबा मुलांना सोडून परत आले, डबा घ्यायला वाकले. आईने डबा दिला नाही, धरून ठेवला आणि विचारलं, “आता घरासमोरच आहे ना ही वाट? लोक काय म्हणतील याची लाज नाही वाटत?”

“वाटते,” बाबा म्हणाले. “पण हात खाली घेतला तर गाडी थांबत नाही.”